एकतीस गोल नेमके कुणावर झाले?

गोल झाला की चेंडू जाळ्यातून काढायचं काम बहुतेक वेळा गोलकीपरवरच येतं. वाकायचं, जाळीत अडकलेला चेंडू सोडवायचा आणि मधल्या वर्तुळाकडे भिरकावून द्यायचा. ११ एप्रिल २००१ रोजी ऑस्ट्रेलियातल्या कॉफ्स हार्बरच्या मैदानावर निकी सालापू नावाच्या विशीतल्या पोराच्या पाठीमागे चेंडू एकतीस वेळा जाळ्यात गेला. गुणफलक सांभाळणाऱ्यांचाही हिशेब चुकला. सामना संपला तेव्हा फलकावर ३२–० होतं. पंचांच्या नोंदीशी ताळा घातल्यावर आकडा दुरुस्त झाला: ऑस्ट्रेलिया ३१, अमेरिकन सामोआ ०. पुरुषांच्या अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला तो आजही सर्वांत मोठा विजय आहे.

हा सामना जगभर गंमत म्हणून सांगितला जातो. मला त्यात गंमत दिसत नाही. त्या दिवशी मैदानात उतरलेली पोरं नेमकी कोण होती आणि ती तिथे का होती, हे एकदा समजलं की ३१ हा आकडा खेळाडूंच्या कुवतीबद्दल फार थोडं सांगतो. तो सामना ज्यांनी ठरवला, नियम ज्यांनी केले, वेळापत्रक ज्यांनी आखलं, त्यांच्याबद्दल तो कितीतरी जास्त सांगतो. म्हणून हे प्रकरण मुळापासून उलगडून पाहावंसं वाटलं.

बेट आणि पासपोर्ट

अमेरिकन सामोआला 'देश' म्हणणं काटेकोरपणे बरोबर नाही. ती अमेरिकेच्या ताब्यातली पॅसिफिक बेटं आहेत. १८९९ च्या करारात सामोआ द्वीपसमूहाची वाटणी झाली. पश्चिमेकडची बेटं जर्मनीकडे गेली आणि तुतुइला या मुख्य बेटासह पूर्वेकडची अमेरिकेकडे. पश्चिम सामोआ पुढे न्यूझीलंडच्या ताब्यातून जाऊन १९६२ मध्ये स्वतंत्र झाला आणि १९९७ पासून नुसतं 'सामोआ' म्हणवून घेऊ लागला. पूर्वेकडची बेटं अमेरिकेकडेच राहिली. जेमतेम दोनशे चौरस किलोमीटर जमीन आणि २०१० च्या जनगणनेत साडेपंचावन्न हजार माणसं. पागो पागो हे मुख्य ठिकाण, खोल बंदराच्या काठावर, हिरव्यागार डोंगरांच्या कुशीत. रोजगार मुख्यतः सरकारी नोकरी नाहीतर टूना मासा डबाबंद करणारे कारखाने.

वाटणी कागदावर झाली, पण नाती दोन्हीकडे पसरलेली राहिली. भाषा एक, चर्च एक, आडनावं एक. स्वतंत्र सामोआची राजधानी आपिया आणि पागो पागो यांच्यात छोट्या विमानाने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. मासळीच्या कारखान्यांत कामाला येणारे कित्येक जण स्वतंत्र सामोआतून आलेले. वर्षानुवर्षं तुतुइलावर राहणारी, तिथल्याच मैदानावर खेळणारी पोरं जन्माने मात्र 'पलीकडची'. बेटावरच्या लोकांना हा फरक रोजच्या जगण्यात जाणवायचं कारण नव्हतं. फिफाला तो जाणवला.

इथल्या संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९८३ मध्ये आपियात दक्षिण पॅसिफिक क्रीडास्पर्धेत खेळला आणि पश्चिम सामोआकडून ३–१ असा हरला. त्याच स्पर्धेत वॉलिस आणि फुतुनाला ३–० असं हरवलं. पुढची अठ्ठावीस वर्षं विजय म्हणून सांगायला तेवढा एकच सामना होता, आणि तोही फिफाचा सदस्य नसलेल्या संघाविरुद्ध. फिफाचं सदस्यत्व १९९८ मध्ये मिळालं. त्यातून २००२ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी खेळायची संधी आली. पहिलीवहिलीच.

आणि तिथेच घोळ झाला. संघात खेळायचं तर अमेरिकी पासपोर्ट हवा, असं फिफाने स्पष्ट केलं. वीस जणांचा संघ निवडून तयार होता; त्यातले एकोणीस अपात्र ठरले. उरला फक्त गोलकीपर निकी सालापू. मग वीस वर्षांखालच्या संघातली पोरं घ्यावीत असं ठरलं, तर त्यातल्या बऱ्याच जणांच्या हायस्कूलच्या परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत. शेवटी प्रशिक्षक तुनोआ लुई यांनी मिळेल तो, पासपोर्ट असेल तो, सुटी मिळेल तो, असा संघ जमवला. सरासरी वय अठराच्या आसपास. तिघे जण पंधरा वर्षांचे. काहींनी आयुष्यात कधी पूर्ण नव्वद मिनिटांचा सामना खेळलेला नव्हता.

पंधरा वर्षांचा मुलगा म्हणजे आपल्याकडे दहावीतला मुलगा. त्याच्यासमोर व्यावसायिक लीगमध्ये रोज सराव करणारे, त्यातूनच पोट भरणारे पुरुष उभे करायचे आणि मग निकालावर हसायचं, हे मला पटत नाही.

दहा मिनिटं

कॉफ्स हार्बरला पाच संघ जमले होते: ऑस्ट्रेलिया, फिजी, टोंगा, सामोआ आणि अमेरिकन सामोआ. ७ एप्रिलला फिजीने अमेरिकन सामोआला १३–० हरवलं. ९ तारखेला सामोआने ८–०. त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाने टोंगावर २२ गोल केले आणि तेव्हाचा विश्वविक्रम मोडला. म्हणजे ११ तारखेच्या सामन्यात काय वाढून ठेवलंय, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक फ्रँक फरिना यांनी टोंगाविरुद्ध सहा गोल करणाऱ्या जॉन अलोइसीला विश्रांती दिली आणि इतरांना संधी दिली. आर्ची थॉम्पसन हा त्या इतरांपैकी एक.

एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. सामन्याची पहिली आठ-दहा मिनिटं गोल झाला नव्हता. ती पोरं आपल्या पेनल्टी बॉक्समध्ये दाटीवाटीने उभी राहिली, चेंडू मिळेल तिकडे मारून काढत राहिली, आणि सालापूने काही फटके अडवले. मग कॉन बुत्सियानिसचा कॉर्नर आत आला, थेट जाळ्यात गेला आणि बांध फुटला. मध्यंतराला १६–०. उत्तरार्धात आणखी पंधरा. थॉम्पसनचे एकट्याचे तेरा, एका आंतरराष्ट्रीय सामन्यात एका खेळाडूचे सर्वाधिक. डेव्हिड झड्रिलिचचे आठ. पहिल्या गोलनंतरचा हिशेब केला तर साधारण अडीच-पावणेतीन मिनिटांना एक गोल पडतो, आणि त्यातलाही बराच वेळ चेंडू मधल्या वर्तुळात परत नेण्यात गेला.

८६ व्या मिनिटाला पाटी फेआगिआईने ऑस्ट्रेलियाच्या गोलवर फटका मारला. मायकेल पेटकोविचने तो अडवला. अमेरिकन सामोआचा पूर्ण सामन्यातला हा एकमेव प्रयत्न. तिसाच्या आसपास गोल खाऊन पाय ओढत चाललेल्या संघातला एक जण अजून समोरच्या गोलकडे बघत होता, त्या दिवसातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

स्पर्धा संपली, तेव्हा टोंगानेही त्यांना ५–० हरवलेलं होतं. चार सामने, ५७ गोल खाल्ले, केला एकही नाही.

थॉम्पसननेही सामन्यानंतर सांगितलं होतं की असले सामने व्हायलाच नकोत. विक्रम करणारा माणूस असं म्हणतो तेव्हा ते ऐकायला हवं. दोष ऑस्ट्रेलियाचाही नव्हता. गोलफरक मोजला जाणाऱ्या स्पर्धेत कुणी मुद्दाम थांबत नाही, आणि कीव करून थांबणं हाही समोरच्याचा अपमानच. ऑस्ट्रेलियाला पुढे काय मिळालं तेही पाहा: हा गट आणि मग न्यूझीलंडला सहज ओलांडून ते आंतरखंडीय लढतीत उरुग्वेसमोर उभे राहिले, घरचा सामना १–० जिंकले, माँटेव्हिडिओत ३–० हरले आणि विश्वचषकाला मुकले. त्या बावीस आणि एकतीस गोलांनी त्यांची उरुग्वेसाठी काहीच तयारी झाली नाही. थोडक्यात, ही पद्धत सगळ्यात बलाढ्य संघाच्याही कामाची नव्हती आणि सगळ्यात दुबळ्याच्याही नाही.

ओशनिया फुटबॉल महासंघाने धडा घेतला, पण सावकाश. पुढच्या पात्रता फेरीत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला सुरुवातीच्या टप्प्यातून बाजूला ठेवलं. तरीही २००४ मध्ये अमेरिकन सामोआवर फिजीने ११, पापुआ न्यू गिनीने १० आणि वानुआतूने ९ गोल केले. त्यापुढची फेरी २००७ च्या दक्षिण पॅसिफिक क्रीडास्पर्धेलाच जोडून दिली; तिथे वानुआतूकडून १५–० आणि सॉलोमन बेटांकडून १२–१. समपातळीचे संघ समपातळीवर खेळतील अशी रचना व्हायला २०११ उजाडलं. २०१४ च्या विश्वचषकासाठी तळातल्या चार संघांची वेगळी पहिली फेरी ठेवली गेली: सामोआ, टोंगा, कुक बेटं आणि अमेरिकन सामोआ. या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय मी हा मानतो. पुढे जे घडलं त्याचं श्रेय सगळे एका प्रशिक्षकाला देतात. पण ही चार संघांची फेरी नसती तर तो प्रशिक्षक येऊनही फारसं काही घडलं नसतं.

मधली वर्षं

पराभवानंतरची दहा वर्षं कुणी फारशी लिहून ठेवलेली नाहीत, कारण बातमी व्हावं असं त्यांत काही नव्हतं. पण संघ टिकला तो याच वर्षांत. खेळाडूंना पैसे नाहीत. दिवसा नोकरी किंवा शाळा, संध्याकाळी सराव, रविवारी चर्च. बेटावर खरी प्रतिष्ठा अमेरिकन फुटबॉलला, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात त्या खेळाला. त्यातून अमेरिकेतल्या कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते, नशीब असेल तर व्यावसायिक लीगही. दणकट, चपळ पोरगा दिसला की शाळेचा प्रशिक्षक त्याला तिकडेच ओढणार, आणि घरचेही तेच सांगणार. ते चूकही नाही.

२९ सप्टेंबर २००९ ला समुद्राखालच्या ८.१ तीव्रतेच्या भूकंपानंतर त्सुनामी आली. सामोआ, अमेरिकन सामोआ आणि टोंगा मिळून दीडशेहून अधिक माणसं गेली. पागो पागोच्या बंदरात पाणी रस्त्यांवर घुसलं. दुसऱ्याच दिवशी बेटावरचा एक मोठा मासळी कारखाना बंद झाला, तो आधीच ठरलेला होता, आणि दोन हजारांच्या आसपास माणसांचं काम गेलं. एवढ्याशा बेटावर याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. अशा ठिकाणी कुणी संध्याकाळी बूट घालून फुटबॉलच्या सरावाला येत राहिलं, तर ते फक्त खेळाच्या ओढीनेच.

२०११ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआला पॅसिफिक क्रीडास्पर्धा झाल्या. पाच सामने, पाच पराभव, २६ गोल खाल्ले, पुन्हा एकही केला नाही. फिफाच्या क्रमवारीत संघ अगदी तळाशी. विश्वचषक पात्रतेची पहिली फेरी नोव्हेंबरात. संघटनेने अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाकडे मदत मागितली आणि थॉमस राँगेन आले.

तीन आठवडे

राँगेन मूळचे नेदरलंड्सचे. अमेरिकेत खेळले, १९९९ मध्ये डी. सी. युनायटेडला प्रशिक्षक म्हणून अमेरिकी लीगचं विजेतेपद मिळवून दिलं, अमेरिकेचा वीस वर्षांखालचा संघ सांभाळला. हाताशी वेळ होता तीन आठवडे. तेवढ्या वेळात कुणाचा पहिला स्पर्श सुधारत नाही, पासिंग सुधारत नाही. सुधारू शकतात त्या दोन-तीनच गोष्टी, आणि त्यांनी त्याच धरल्या. दम वाढवला. दिवसातून दोनदा सराव घेतला. सरपटत जाऊन टॅकल करायला शिकवलं. बचावाची ओळ एकत्र पुढे-मागे कशी सरकते ते पुन्हा पुन्हा गिरवून घेतलं. शेवटच्या वीस मिनिटांत कोसळणाऱ्या संघाला आधी नव्वद मिनिटं पायांवर उभं राहता यायला हवं, हे त्यांनी ओळखलं होतं.

दुसरं म्हणजे माणसं गोळा केली. अमेरिकेत वाढलेले, पण बेटाशी नातं असलेले खेळाडू शोधले. सिएटलला राहायला गेलेल्या सालापूला परत बोलावलं. दहा वर्षं हा माणूस 'एकतीस गोल खाल्लेला गोलकीपर' म्हणून जगत होता. ऑस्ट्रेलियाशी एकदा पुन्हा खेळायचंय, असं तो म्हणत राहायचा. त्याला संघात घेण्यात भावनेचा भाग असेल, पण तेवढाच नव्हता. ज्या गोलकीपरवर इतके फटके आले, त्याच्याइतका अनुभव त्या बेटावर दुसऱ्या कुणाकडे असणार?

बचावाच्या मधोमध उभी राहिली जैया साएलुआ. ती फाअफाफिने आहे. सामोआच्या समाजात पुरुषाच्या देहात जन्मून स्त्रीच्या रीतीने जगणाऱ्यांना फाअफाफिने म्हणतात. घरात, चर्चमध्ये, गावात त्यांना जागा असते, लपून राहावं लागत नाही. संघातही ती कित्येक वर्षं होती, पण राखीव म्हणून बाकावर. राँगेननी तिला पहिल्या अकरात घेतलं ते तिचे टॅकल पाहून. विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात खेळलेली पहिली पारलिंगी खेळाडू म्हणून तिचं नाव जगभर झालं. बेटावर मात्र त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. त्यांच्या लेखी ती त्यांची सेंटर बॅक होती.

२२ नोव्हेंबर २०११, आपिया. समोर टोंगा. तोच टोंगा, ज्याने कॉफ्स हार्बरला त्यांच्यावर पाच गोल केले होते आणि स्वतः ऑस्ट्रेलियाचे बावीस खाल्ले होते. मध्यंतराला थोडाच वेळ उरला असताना रमिन ओटने गोल केला. ७४ व्या मिनिटाला शालोम लुआनीने दुसरा. दोन गोलांची आघाडी या संघाच्या वाट्याला कधी आली होती, हे आठवायला १९८३ पर्यंत मागे जावं लागेल. ८८ व्या मिनिटाला उनालोतो फेआओने टोंगाचा गोल केला. मग ती शेवटची मिनिटं. टोंगाचा एक चेंडू सालापूला चुकवून गोलरेषेकडे निघालेला, आणि साएलुआने तो रेषेवरून बाहेर काढला. शिट्टी वाजली. २–१. फिफाने मान्य केलेला अमेरिकन सामोआचा पहिला विजय. सालापू मैदानातच रडला.

दोन दिवसांनी कुक बेटांशी १–१. पुन्हा लुआनीचा गोल; बरोबरीचा गोल अमेरिकन सामोआच्याच खेळाडूकडून स्वतःच्या जाळ्यात गेला. २६ तारखेला सामोआ. दोघांचे चार-चार गुण, पण सामोआचे गोल जास्त, म्हणजे अमेरिकन सामोआला जिंकणं भाग. नव्वदाव्या मिनिटाला सिलाओ मालोने गोल केला आणि सामोआ १–० जिंकून पुढे गेला. ज्या सामोआकडून दहा वर्षांपूर्वी आठ खाल्ले होते, त्यांच्याशी शेवटच्या मिनिटापर्यंत ०–०.

परदेशी प्रशिक्षक आला आणि चमत्कार घडला, ही गोष्ट अर्धीच खरी आहे. राँगेन हुशार होते, माणसं जोडणारे होते, यात शंका नाही. पण ते तीन आठवडे राहिले. साएलुआ, सालापू आणि त्यांच्यासारखे बाकीचे त्याआधी वर्षानुवर्षं मार खाऊनही जागचे हलले नव्हते. शिकवायला समोर संघच नसता, तर राँगेन शिकवणार कुणाला?

गुआमचा दाखला

या प्रकरणाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. पॅसिफिकमधलंच आणखी एक अमेरिकी बेट म्हणजे गुआम. २००० साली इराणने त्यांच्यावर १९ गोल केले होते. गुआमनेही पुढे तेच केलं: शालेय वयापासूनचे संघ उभे केले आणि अमेरिकेत वाढलेल्या, बेटाशी नातं असलेल्या खेळाडूंना बोलावलं. १६ जून २०१५ रोजी त्याच गुआमने विश्वचषक पात्रता सामन्यात भारताला २–१ असं हरवलं. आपला एकमेव गोल सुनील छेत्रीचा, तोही भरपाई वेळेत. त्या दिवशी आपल्याकडे 'एवढंसं बेट आणि एवढा मोठा देश' असा सूर लागला होता. लोकसंख्येची तुलना करून काही कळत नाही. गुआमने आपल्या पासपोर्टच्या नियमात बसणारी माणसं जगभरातून शोधली. भारतीय नागरिकत्व नसलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूला आपल्या संघातून खेळता येत नाही. तो नियम योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद. पण मैदानात कोण उतरतं हे आधी कागद ठरवतो, हे कॉफ्स हार्बरला दिसलं तसंच इथेही दिसतं.

एक गोल

शालोम लुआनी २०११ मध्ये हायस्कूलच्या वयाचा होता. आणखी चार सामने खेळला असता तर हा पोरगा काय झाला असता, असं फुटबॉलवाल्यांना वाटत राहतं. तो अमेरिकेला गेला, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळला आणि २०१७ मध्ये ओकलंड रेडर्सने त्याला निवडलं. विश्वचषक पात्रतेत गोल केलेला खेळाडू एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये. बेटाने त्याचा अभिमानच बाळगला.

त्याच्याशिवाय संघ २०१५ मध्ये टोंगाला गेला, २०१८ च्या विश्वचषक पात्रतेच्या पहिल्या फेरीसाठी. तेच चार संघ. या वेळी प्रशिक्षक लॅरी मानाओ. सामोआकडून ३–२ हरले, टोंगाला २–१ हरवलं. शेवटच्या दिवशी समोर कुक बेटं, दोन्ही सामने जिंकून आलेली आणि तोवर एकही गोल न खाल्लेली. अमेरिकन सामोआने त्यांना २–० हरवलं. तीन संघांचे सहा-सहा गुण झाले. गोलफरक काढला: सामोआ अधिक तीन, अमेरिकन सामोआ अधिक दोन, कुक बेटं अधिक दोन. सामोआ पुढे गेला. त्या शेवटच्या सामन्यात २–० ऐवजी ३–० झालं असतं, तर फरक सामोआइतकाच आणि केलेले गोल सामोआपेक्षा एक जास्त असल्याने अमेरिकन सामोआ गटात पहिला आला असता.